ओला सांधा

१

डबा उघडला आणि देवांच्या जागी भिंत निघाली.

म्हणजे भिंतीचा तुकडा. वीतभर लांबरुंद, जिप्समच्या बोर्डाचा पांढरा चौकोन, तांबड्या फडक्यात अगदी देवासारखा गुंडाळलेला. धर्मराजनं फडकं सोडलं, तुकडा उलटा केला, सुलटा केला आणि बैठकीत जमलेल्या भावकीकडं बघत राहिला. खंडोबा गायब. तुळजाभवानी गायब. आणि त्याची आई छबुबाई, जी सवाष्ण गेली म्हणून तिच्या नावाचा चांदीचा टाक करून देवांत बसवला होता, तीपण गायब.

लिंबागणेशच्या अलीकडच्या त्या गावात वाटणीचा दिवस होता. थोरला धर्मराज ऊसतोडीचा मुकादम. दारात जीप, बोलण्यात पुढारीपण. धाकट्या रामहरीचं फाट्यावर पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान. शेत वाटून झालं होतं, भांडीकुंडी वाटून झाली होती, घराच्या मधोमध भिंत घालून एकाचं दोन केलं होतं. भिंतीच्या कामात धूळ फार उडते म्हणून देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून स्टीलच्या डब्यात घालून बापाच्या खाटेखाली ठेवले होते. आज ते काढायचे आणि कुणाकडं जाणार ते ठरवायचं. देव ठरले की बापाचंही ठरणार होतं. इकडची रीतच तशी. देव्हारा ज्याच्याकडं, म्हातारं माणूस त्याच्याकडं.

सकाळपासून दोघा भावांचा एकमेकांना काय तो आग्रह चालला होता! "दादा, तुमी थोरले. देव तुमच्याकडंच शोभत्यात." "छे छे रामहरी, धाकल्यानंच देव सांभाळावं. आईचा जीव तुझ्यावर लई होता." ऐकणाऱ्याला वाटावं, काय संस्कार आहेत घराला.

पंचांत बसलेल्या कडूबाईलाही तसंच वाटलं होतं. कडूबाई म्हणजे गावची पोलीस पाटील. चार पोरींच्या पाठीवर पाचवी झाली म्हणून आईबापानं नाव कडू ठेवलं, आणि बाईनं जिभेनं ते सार्थ केलं. सरपंच तिला टरकून असायचा, मग बाकीच्यांची काय कथा.

"हा तुकडा कुणाचा?" धर्मराज ओरडला. "ह्या गावात हे बोर्ड कोन कापतं?"

सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. दाराशी अबरार उभा होता, शिरूर कासारचा पार्टिशनवाला. गेले काही दिवस तोच भिंतीचं काम करत होता. त्याला कळायच्या आत धर्मराजनं जाऊन त्याच्या कानशिलात भडकावली.

"देव कुठं घातले बे?"

अबरारच्या गालावर पाचही बोटं उठली. तो पडला नाही, गाल धरून उभा राहिला. दुसरा हात उठला तेव्हा कडूबाई मधे घुसली.

"हात खाली घ्या, मुकादम! पोलीस पाटील म्हून मी काय झांजा वाजवायला हाय का हितं?"

"मंग बोलवा तुमच्या हवालदाराला. नाव लिवून घ्या ह्याचं."

फोन झाला. हवालदार घुगे म्हणाले, हातातलं काम आटोपून दिवस मावळायच्या आत येतो. कडूबाईनं पदर खोचला. तोवर अबरारच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही, असं तिनं सगळ्यांना बजावलं.

खाटेवर पडलेले, दोघा भावांचे वडील राधाकिशन बापू हे सगळं बघत होते. एकाएकी त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

२

अबरारला जीपच्या सावलीत बसवला होता. कडूबाई त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"घेतले का रं तू?"

"खुदा की कसम, आक्का, न्हाई." "मपलं कामच लोकांच्या घरात घुसून करायचं हाय. कुणाच्या झोपायच्या खोलीत, कुणाच्या देवघरात. ह्या हवालदारानं एकदा नाव लिवलं की मला दारात कोन उभं करंल? मार खाल्ला त्याचं काय न्हाई. घरी बायकोला, रुबीनाला, सांगू काय?"

कडूबाईला वाईट वाटलं, पण वाईट वाटून चौकशी होत नसते. घुगे आले, की सोपं नाव समोर आहे, तेच लिहून मोकळे होणार. मग कोर्टातून पोरगा सुटो न सुटो, तालुक्यात त्याचं नाव देवचोर पडणार, आणि ते कोण पुसणार?

"ही तुपली कागदी भिंत कशी होती ते सांग मला," ती म्हणाली.

कामाचं विचारल्यावर पोराचा आवाज जरा जाग्यावर आला. पत्र्याचा सांगाडा उभा करायचा, त्याला दोन्ही बाजूंनी बोर्ड ठोकायचे, मधे पोकळ. दोन बोर्ड भेटतात तिथं सांधा राहतो. "त्या सांध्यावर ही जाळीची टेप मारायची. वरून कंपाऊंडचा, म्हंजे पांढऱ्या लगद्याचा लपका, पट्टीनं ओढून सपाट. वाळला की घासायचा, मंग प्रायमर, रंगाचा पयला हात. टेप न्हाई मारली तर चार दिसांत सांध्याला तडा जातो, आक्का. बोर्ड कोनबी ठोकंल. भिंत धरती ती टेप."

"आन पाणी?"

"थेंब न्हाई. टँकरची वाट बघनारं गाव हे. म्हून तर मुकादमानं विटा सोडून हे काम काढलं."

ते खरं होतं. बापूंच्या पायाच्या जखमेसाठी अंबाजोगाईला एका खासगी दवाखान्यात गेल्यावर धर्मराजनं तसल्या भिंती पाहिल्या आणि तेच खूळ घेऊन घरी आला. जन्मभर सिमेंट कालवलेल्या बापूंनी त्या भिंतीला पहिल्याच दिवशी टिचकी मारून बघितली होती आणि गावभर सांगितलं होतं, की माझ्या पोरांनी घरात खोका बांधलाय.

"घरात कोन नव्हतं असा दिस कोनता?"

"चतुर्थीचा. समदे लिंबागणेशला गेलते. मपली टेप संपली म्हून मी बीडला गेलतो, रात बी तिकडंच काढली. कंपाऊंडची बादली, पट्टी, आरी, समदं बापूच्या खाटंपाशी ठिवून गेलतो. बापूला सांगितलं, सामानावर नजर असू द्या. बापू म्हनले, जा, मी हाय."

कडूबाईनं डब्यातला तुकडा आणला होता. इतका वेळ ती तो मांडीवर ठेवून नुसता चाचपत होती. एक बाजू खरबरीत, मातकट कागदाची. दुसरी बाजू गुळगुळीत. तिनं तो उन्हात धरला.

"अबरार, उरलेल्या तुकड्यांना रंग लावतोस का तू?"

"कावून लावीन? उरलेले तुकडे फेकायचे असत्यात."

"मंग ह्याच्या एका अंगाला प्रायमर कसा?"

तिनं त्याच्या उत्तराची वाट पाहिली नाही. रंग लावलेला तुकडा उरलेल्या मालातला नव्हे. तो उभ्या, तयार भिंतीतून कापून काढलेला होता. म्हणजे त्या भिंतीला कुठंतरी वीतभर भोक असायलाच हवं होतं.

ती तरातरा आत गेली. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड होती.

३

"काय शोधताय, पाटलीणबाई?" धर्मराज कुचकटपणे म्हणाला. "देव काय भिंतीतून चालत गेले?"

"चालत न्हाई गेले एवढं मला बी कळतं."

तिनं वरून खाली हात फिरवला, या अंगानं, त्या अंगानं. सगळीकडं एकसारखं पांढरं. बापूंची खाट भिंतीला लागून होती आणि खाटेच्या नि भिंतीच्या मधे एक जाड गोधडी उभी खोचलेली होती. "भिंत गार लागती," असं बापू पुटपुटले. वैशाखात गार लागते म्हणजे म्हाताऱ्याच्या अंगातलं रक्तच आटलं असणार, असं म्हणत कडूबाई पुढं सरकली.

बापूंकडं बघून तिला भडभडून आलं. तिच्या स्वतःच्या घराच्या भिंती याच माणसानं उचलल्या होत्या. गिलाव्यावर पाणी मारायला ती एक दिवस चुकली तर भर चौकात ओरडले होते, "कडे, लेकराला उपाशी ठेवशील का? भिंत बी लेकरूच! पाजल्याबिगर धरत न्हाई!" आणि आज हा एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस दोन वाक्यं बोलायचा कंटाळा करत होता.

"बापू, चतुर्थीला तुमी घरीच होता. कोन आलतं?"

"डोळा लागलता," बापू म्हणाले. त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही.

धर्मराजला तिनं ओसरीवर घेतलं. तो एकच पालुपद आळवत होता, परका माणूस घरात, परका माणूस घरात.

"देव गेले त्याचं तुमाला लई दुःख दिसतंय," कडूबाई म्हणाली.

"म्हंजे काय!"

"न्हाई, सकाळी तर तुमी रामहरीला देऊन टाकत होता."

धर्मराजनं तंबाखू मळायला घेतली आणि मळतच राहिला.

रामहरी त्याच्या अगदी उलट. घामाघूम, नजर चुकवणारा. चतुर्थीला देवळात बायको बरोबर होती का, या साध्या प्रश्नाला त्यानं तीन वेळा घसा खाकरला. "होती की. म्हंजे, होती."

"होती का न्हाई? देवळातल्या गणपतीला विचारू का?"

"आक्का, तिचं डोकं दुखत होतं. ती मधूनच रिक्षानं घरी आलती." आणि मग घाईघाईनं, "पण तिनं काय केलं न्हाई हो! तिचं नाव घेऊ नका."

४

संस्कृती स्वयंपाकघरात कणीक तिंबत होती. रामहरीची बायको, वयानं लहान, माहेर बीड शहरातलं. नर्सिंगचं अर्धवट शिक्षण झालेलं, त्यामुळं सासऱ्याच्या पायाची पट्टी बदलायचं काम तिच्याच गळ्यात पडलेलं. थोरली जाऊ तेजश्री पट्टीच्या वासानंच लांब पळायची.

"चतुर्थीला मधूनच परत कावून आलीस?"

"डोकं दुखत होतं."

"हे बघ पोरी, भाईर एका माणसाच्या गालावर तुझ्या दिराची बोटं उठल्यात. मला डोकं-बिकं सांगू नको."

संस्कृतीच्या हातातली कणीक थांबली. आणि मग जे बोलणं सुरू झालं ते बांध फुटल्यासारखं.

"मीच दिसले का सगळ्यांना? सगळं मीच करायचं! पट्टीचा आख्खा गठ्ठा आणला तर मधेच अर्धा गायब, बापूंना विचारलं तर म्हणतात उंदरानं नेला. पाण्याचा तांब्या भरून ठेवला की रिकामा, भरून ठेवला की रिकामा. इथं टँकरला रांगा लागतात, आणि ह्यांची तहान भागत नाही. वरून अंथरूण ओलं करायला लागलेत. रोज. चतुर्थीनंतर एक दिवस चुकला नाही. मी कुणाला सांगितलं का? म्हातारं माणूस आहे, लाज जाईल म्हणून गुपचूप वाळत घालते."

"ते झालं. परत कावून आलतीस?"

तिनं कणकेच्या हातानंच डोळे पुसले. "आईला फोन करायला. घरात कोणी नसताना. रडू येत होतं मला. आईला म्हटलं, काहीही कर, ह्यांना समजाव, देव आमच्याकडं घेऊ नका. देव आले की बापू आले. मला आता नाही होत, आत्या. मी वाईट आहे का?"

सकाळचा तो आग्रह तिला आठवला. तुमी थोरले, तुमच्याकडंच शोभत्यात. छे छे, धाकल्यानंच सांभाळावं. तिला वाटलं होतं, भाऊ एकमेकांना मान देतायत. भाऊ बापाला ढकलत होते. इकडून तिकडं, तिकडून इकडं, आणि ते पण गोड बोलून.

"कुठं बसून फोन केलास?"

"आमच्या खोलीत. नव्या भिंतीपाशी. फोन झाला तशी परत देवळात गेले."

"आन भिंतीच्या पल्याड?"

"बापूंची खाट."

हिला देव नको होते. पट्टीचा गठ्ठाही हिच्याच ताब्यात. घरी आली त्या वेळी घरात दुसरं कोणी नाही. सगळं हिच्याकडंच बोट दाखवत होतं, आणि तरी त्यात कुठंतरी खडा लागत होता. जिनं चोरी केली ती 'पट्टी गायब झाली, अंथरूण ओलं होतं' असं आपणहून सांगेल का?

दारात मोटारसायकल थांबली. हवालदार घुगे आले होते, आणि धर्मराज त्यांना हाताला धरून अबरारकडं घेऊन निघाला होता.

५

"साहेब, एक चहा घ्या," कडूबाई घुगेंना म्हणाली. "तोवर मी आले. चहा संपायच्या आत नाव लिवलंत तर मी सही करनार न्हाई."

घुगे तिला ओळखून होते. ते बसले.

कडूबाई तांब्या भरून बापूंपाशी गेली. संस्कृतीच्या म्हणण्याप्रमाणं हा माणूस दिवसभर पाणी पीत होता. तिनं त्यांचं तोंड नीट बघितलं. ओठांना भेगा पडल्या होत्या, जीभ टाळूला चिकटत होती. तिनं तांब्या पुढं केला तर बापूंनी तो दोन्ही हातांनी धरला, घटाघटा प्यायला सुरुवात केली आणि मधेच थांबले. उरलेलं पाणी त्यांनी खाटेच्या कडेला जपून ठेवलं.

"प्या की."

"ऱ्हाऊ दे. मागून लागंल."

तिनं गोधडीला हात घातला. भिंतीकडची बाजू ओली होती. तिनं ती नाकाला लावली. बापू एकदम ताठ झाले.

"कडे, ठेव ती खाली."

गोधडीला कसलाच वास नव्हता. नुसतं पाणी.

तिनं गोधडी बाजूला काढली. मागं भिंत पांढरीच होती, पण त्या पांढऱ्यात एक पिवळट डाग उतरला होता, आणि डागाच्या कडेनं चौकोनी आकारात भिंत फुगली होती, भाकरीवर पापुद्रा यावा तशी. खाटेवर बसलेल्या माणसाचा हात सहज पोचेल, एवढ्याच उंचीवर. कडूबाईनं अंगठा लावला. अंगठा आत गेला.

लगद्यासारखा सांधा हातात आला आणि त्याच्याबरोबर टेपचं टोक आलं. तिनं ते ओढलं. अबरारची जाळी ताठ असते, कडक. हे मऊ होतं, सुती. दवाखान्यातली जखमेवरची पट्टी.

"अबरारनं केलं असतं," ती हलक्या आवाजात म्हणाली, "तर आपली टेप लावली असती. पण त्या दिशी घरात टेपच नव्हती, बापू. ती आनायलाच तर पोरगं बीडला गेलतं."

बापूंनी पट्टी बांधलेला पाय जवळ ओढून घेतला.

"मला आधी संस्कृती वाटली. पण सांधा भरून झाल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी कोन मारतं? अबरार मारायचा न्हाई, पाणी लागलं की हे काम फुगतं हे त्येला ठावं हाय. संस्कृती मारायची न्हाई, तिनं जल्मात थापी धरली न्हाई. पाजल्याबिगर भिंत धरत न्हाई, असं म्हननारा मानूस मला एकच ठावं हाय." तिचा आवाज फाटला. "पिण्याचं पाणी पाजलंत व्हय हो तिला? आन सुनंला वाटलं, तुमी अंथरुणात करताय. तेबी वाटू दिलंत?"

बापूंचे डोळे भरून आले होते, पण त्यांनी मान ताठ ठेवली.

"जुनं काम तसं असायचं," ते म्हणाले. "पाजलं की धरायचं. हे धरंना. रोज बोट लावून बघायचो, रोज जास्तच मऊ. मला वाटलं, पाणी कमी पडतंय."

कडूबाईनं भोकात हात घातला. आतल्या आडव्या पत्र्यावर एक पुरचुंडी होती. बापूंच्या जुन्या धोतराचं फडकं. आत टाक होते, एकही कमी नव्हता.

"कावून केलं हे?"

"हा खोका लई पातळ हाय, कडे," बापू म्हणाले आणि भिंतीकडं बघत राहिले. "हिकडल्या अंगाला धर्मा बायकोला सांगतो, देव तिकडं जाऊ दे, म्हातारा बी जातो. तिकडल्या अंगाला ही पोर आईला फोन करून रडती. दोनी बाजूचं मलाच ऐकू येतं. मी मनात म्हनलं, देवच न्हाई ऱ्हायले तर वाटायचे कसे? मंग मी बी ऱ्हाईन मधीच. छबुबाई बी जवळ ऱ्हाईल, हाताशी. तोडलेला तुकडा भोकात परत बसंना, आत पडायचा, म्हून पट्टी ताणून वरून लपका मारला. तुकडा टाकायला उठता येत न्हाई, म्हून डब्यात घातला. डब्याला वजन बी झालं."

"आन अबरार?"

बापूंनी मान खाली घातली.

"तुमच्या भरवशावर सामान टाकून गेलता तो. तुमच्या डोळ्यांसमोर त्याच्या तोंडात बसली."

"बसली," बापू म्हणाले. "जीभच उचलंना, कडे. वाटलं, आता बोललो तर आजच्या आज दोघं मला गाठोड्यावानी..."

कडूबाईला त्यांचा राग आला होता आणि कीवही. तिनं पुरचुंडी बांधून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"मी सांगितलं तर मी सोडवला असं होईल. तुमी सांगितलं तर त्यो सुटंल. चहा संपत आला असंल."

६

कित्येक दिवसांनी बापू खाटेवरून उठले. एका हाताखाली कडूबाई, दुसरा हात त्याच भिंतीवर. पट्टी बांधलेला पाय फरशीवर टेकताना त्यांच्या तोंडातून सुस्कारा निघत होता. ओसरीवरच्या लोकांनी वाट करून दिली. बापू थेट अबरारसमोर गेले.

"देव मी काढले," ते मोठ्यानं म्हणाले. तो जुना, बांधकामावरचा आवाज होता. "मीच भिंत कापली, मीच बुजवली. ह्या पोराचा काडीचा संबंध न्हाई. ऐकलं का समद्यांनी?"

आणि पुरचुंडी सोडून त्यांनी टाक ओसरीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडले. खंडोबा, भवानी, छबुबाई.

मग कडूबाईनं सांगितलं. रंगाचा तुकडा, जखमेची पट्टी, रिकामा तांब्या, वास नसलेली गोधडी. का केलं, तेही सांगितलं, भिंतीच्या दोन्ही अंगांना काय बोललं जायचं त्यासकट. संस्कृती दाराआड तोंडात पदर कोंबून उभी होती. रामहरीची मान छातीला टेकली होती. धर्मराजचा चेहरा मात्र आधी लाल झाला, मग पांढरा पडला.

"चुकलं बे अबरार," तो शेवटी म्हणाला, जणू चालताना नुसता धक्का लागला होता. "जा आता घरी. उद्या येऊन तेवढा सांधा नीट बुजवून टाक."

अबरार उभा राहिला. त्यानं बापूंकडं पाहिलं. बापूंनी हात त्याच्या गालापाशी नेला, पण लावायचं धाडस त्यांना झालं नाही.

"बापू, मी सामान तुमच्या भरवशावर सोडलतं," अबरार म्हणाला. "एक शब्दच बोलायचा होता तुमी. दोन घंटे कावून लावले?"

"भ्यालो, बाबा."

अबरारनं मान हलवली. माफ केलं असं तो म्हणाला नाही, नाही केलं असंही म्हणाला नाही. आत जाऊन त्यानं पट्टी, आरी आणि टेपचा नवा गोल पिशवीत भरला.

"सांधा मी बुजवनार न्हाई, मुकादम," तो जाताना म्हणाला. "उघडाच ऱ्हाऊ द्या. आता कुनी काय बोललं तर समद्यांनाच ऐकू येऊ द्या." त्याच्या मोटारसायकलचा आवाज फाट्यापर्यंत ऐकू येत राहिला.

हवालदार घुगेंनी चहाचा कप खाली ठेवला, कागद उघडला, पेनचं टोपण काढलं आणि सगळ्यांकडं बघितलं. "मग आता? तक्रारीत नाव कुणाचं लिहू?"

"कशाची तक्रार, साहेब!" धर्मराज घाईनं म्हणाला. "घरचे देव घरात घावले. मिटलं. काय रामहरी?"

"मिटलं," रामहरी म्हणाला.

"मिटलं तर उचला देव," कडूबाई म्हणाली.

कट्ट्यावर टाक उन्हात चमकत होते. धर्मराजनं रामहरीकडं पाहिलं. रामहरीनं धर्मराजकडं पाहिलं. कडूबाई थांबली, घुगे थांबले, भावकी थांबली. दोघांचेही हात पाठीमागंच राहिले.

बापूंनी बराच वेळ वाट पाहिली. मग ते कट्ट्यावर बसले, छबुबाईचा टाक उचलून त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातला आणि हवालदाराकडं वळले.

"मपलं नाव लिवा, साहेब," ते म्हणाले. "राधाकिशन गवंडी. मला घेऊन चला. तितं तरी ठिवून घेत्याल."